अंकोर पास आणि छोटी फेरी: पहिल्या दिवसाचे पैसे कुठे वसूल होतात, कुठे वाया जातात

कंबोडियातल्या सिएम रीपमध्ये उतरलेल्या पाहुण्याला पहिल्या दिवसासाठी जवळपास सगळीकडे एकच कार्यक्रम विकला जातो. एका दिवसाचा अंकोर पास (म्हणजे अंकोरच्या प्राचीन मंदिरांत जायचं तिकीट), पहाटे साडेचारला हॉटेलच्या दारात रिक्षा, अंकोर वाटच्या तळ्याकाठी सूर्योदय, मग बायॉन, मग ता प्रोम ही मंदिरं आणि दुपारी दोनच्या सुमारास परत. या कार्यक्रमातली प्रत्येक वस्तू चांगली आहे. पासची व्यवस्था चोख आहे, रिक्षावाले वेळ पाळणारे आहेत आणि ‘छोटी फेरी’ हा सतरा किलोमीटरचा मार्ग पहिल्या दिवसासाठी योग्यच आहे. चुकतो तो क्रम, आणि महाग पडतो तो एका दिवसाचा पास. अंकोर वाट पश्चिमाभिमुख आहे. सकाळी त्याचा दर्शनी भाग सावलीत असतो आणि दुपारनंतर उजेडात येतो. ही एक गोष्ट लक्षात घेऊन दिवस उलटा लावला, तर त्याच पैशांत दुप्पट पाहून होतं.

आधी पासाबद्दल. फेब्रुवारी २०१७ मध्ये ठरलेले दर असे: एका दिवसाला ३७ अमेरिकी डॉलर, तीन दिवसांना ६२ आणि सात दिवसांना ७२. तीन दिवसांचा पास सलग वापरावा लागत नाही, दहा दिवसांच्या मुदतीत कुठलेही तीन दिवस चालतात. सात दिवसांच्या पासाला महिन्याभराची मुदत असते. म्हणजे पहिला दिवस ३७ डॉलरना पडतो आणि पुढचे दोन मिळून फक्त २५ ना. अंकोरचं संरक्षित क्षेत्र सुमारे ४०० चौरस किलोमीटरचं आहे. १९९२ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. ते एका दिवसात ‘उरकण्या’चा प्रयत्न केला की तिसऱ्या मंदिरापाशी सगळे दगड सारखे दिसू लागतात. सिएम रीपमध्ये दोन रात्रींपेक्षा जास्त मुक्काम असेल तर तीन दिवसांचाच पास घ्यावा. बारा वर्षांखालील मुलांना पास लागत नाही, पण वय दाखवायला त्यांचा पासपोर्ट जवळ ठेवावा लागतो. प्रत्येक पासातले दोन डॉलर कांथा बोफा या लहान मुलांच्या मोफत रुग्णालयांना जातात.

पास मंदिरांच्या दारात मिळत नाही. सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. अंकोर एंटरप्राइज या सरकारी संस्थेचं तिकीट केंद्र शहराच्या मध्यापासून साधारण चार किलोमीटरवर, मंदिरांच्या सरळ रस्त्यापासून बाजूला आहे. पहाटे पाच ते संध्याकाळी साडेपाच ते उघडं असतं. खिडकीवर तुमचा फोटो काढून तो पासवर छापतात, त्यामुळे पास दुसऱ्याला देता येत नाही. कोणी ‘उरलेला एक दिवस’ स्वस्तात देऊ केला तर तो घेऊ नका, तपासनीस फोटो पाहतात. पास हरवला तर नवा विकत घ्यावा लागतो. संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरही फोटो चढवून पास काढता येतो आणि फोनवरचा क्यूआर कोड दाखवून चालतं. हा मार्ग सोयीचा आहे, फक्त कोडची प्रतिमा फोनमध्ये जतन करून ठेवावी आणि फोन दिवसभर जिवंत राहील याची काळजी घ्यावी. प्रत्येक मोठ्या मंदिरापाशी पास पुन्हा दाखवावा लागतो.

संध्याकाळी पाचनंतर घेतलेला पास दुसऱ्या दिवसापासून मोजला जातो आणि त्याच संध्याकाळी सूर्यास्तासाठी आत जायलाही चालतो. ही सवलत खरी आहे आणि ती जरूर वापरावी, पण नवा विमानतळ लक्षात ठेवून. ऑक्टोबर २०२३ पासून विमानं शहराजवळच्या जुन्या विमानतळावर उतरत नाहीत. नवा विमानतळ शहरापासून ४० किलोमीटरहून लांब आहे. शहरात यायला तासभर धरावा लागतो, त्यामुळे दुपारी चारनंतर उतरणाऱ्याने खिडकीच्या भरवशावर राहू नये. पास आधीच ऑनलाइन काढावा.

पैशांबद्दल एक व्यावहारिक सूचना. इथे डॉलर सर्रास चालतात आणि एका डॉलरखालची मोड रिएलमध्ये मिळते, एका डॉलरला साधारण ४,००० रिएल या हिशोबाने. मात्र फाटकी, शाई लागलेली किंवा घडीवर झिजलेली डॉलरची नोट दुकानदार घेत नाहीत. मुंबई-पुण्यात परकीय चलन घेतानाच एक, पाच आणि दहाच्या कोऱ्या नोटा मागून घ्याव्यात. शंभराची नोट रिक्षावाल्याला मोडता येत नाही.

रिक्षा म्हणजे इथला रेमॉर्क, मोटरसायकलच्या मागे जोडलेली छपराची चार आसनी गाडी. छोट्या फेरीचा दर दिवसाला १५ ते २० डॉलरच्या आसपास असतो. सूर्योदयासाठी लवकर निघायचं असेल किंवा लांबचं मंदिर जोडायचं असेल तर वर काही डॉलर द्यावे लागतात. चौघं बसतात, पण समोरासमोरच्या आसनांवर गुडघ्याला गुडघा लागतो. दोन किंवा तीन माणसांना ही गाडी उत्तम. वारा लागतो, उतरणं-चढणं सोपं असतं, आणि झाडांखालचा रस्ता मोटारीच्या काचेआडून पाहण्यापेक्षा कितीतरी चांगला दिसतो. बरोबर वयस्कर माणसं असतील आणि महिना मार्च ते मे असेल, तर मात्र जास्त पैसे देऊन वातानुकूलित मोटार घ्यावी. एप्रिलमध्ये पारा चाळिशीकडे जातो आणि हवेतली दमट उष्णता मुंबईकरालाही जड जाते.

रिक्षा ठरवताना दराइतकंच तीन गोष्टींबद्दल बोलून घ्यायला हवं. पहिली, मंदिरांचा क्रम. काही न सांगितल्यास रिक्षावाला नेहमीच्या क्रमानेच नेतो. दुसरी, दुपारी शहरात परत यायचं का आणि त्याचे वेगळे पैसे किती. तिसरी, प्रत्येक मंदिराच्या कुठल्या दारी सोडायचं आणि कुठल्या दारी थांबायचं. ता प्रोमला पूर्व आणि पश्चिम अशी दोन दारं आहेत. ज्या दाराने आत गेलात त्याच दाराने परत यावं लागलं, तर गर्दीच्या उलट दिशेने अर्धं मंदिर पुन्हा चालावं लागतं. पैसे दिवस संपल्यावर द्यायचे. बहुतेक रिक्षांमध्ये थंड पाण्याच्या बाटल्या ठेवलेल्या असतात, पण माणशी दोन लिटर पाणी आणि मीठ-साखरेची पुडी आपली आपण न्यावी.

कपड्यांचा नियम कडक आहे: खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. वरून ओढणी किंवा पंचा घेतला तर चालेल असं गृहीत धरू नका. अंकोर वाटच्या सर्वात वरच्या मजल्यापाशी शिवलेल्या बाह्यांचा कपडा लागतो आणि टोपी काढावी लागते. सुती सलवार-कुर्ता किंवा सैल पायजमा हा इथला सर्वात शहाणा पोशाख. पायांत मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट असावेत. पायऱ्या झिजलेल्या आणि उंच आहेत, आणि पावसाळ्यात वालुकाश्मावर शेवाळ धरतं.

आता दिवस. सुरुवात ता प्रोमपासून करावी आणि दार उघडतं तेव्हा, म्हणजे साडेसातला, तिथे असावं. अंकोर वाट पाचला उघडतं. बाकीची बहुतेक मंदिरं साडेसात ते साडेपाच उघडी असतात. सूर्योदय पाहिलेली सगळी मंडळी त्या वेळी एकतर अंकोर वाटमध्येच असतात किंवा न्याहारीला गेलेली असतात. ता प्रोममध्ये वाटा अरुंद आहेत, आणि प्रसिद्ध मुळांसमोर लाकडी फलाटावर फोटोसाठी रांग लागते. नऊनंतर तिथे उभं राहणंही कठीण होतं. साडेसात ते नऊ या दीड तासात मात्र सगळं मंदिर निवांत पाहून होतं.

सातव्या जयवर्मनने ११८६ मध्ये आईच्या स्मरणार्थ हा बौद्ध विहार उभारला. इथे सापडलेल्या संस्कृत शिलालेखात विहाराच्या सेवेसाठी लावून दिलेल्या माणसांची मोजदाद आहे: ७९,३६५ लोक आणि त्यांत ६१५ नर्तकी. आज आत फिरताना हा आकडा मनात ठेवला तर पडलेल्या दगडांच्या राशींमागे काय होतं याची कल्पना येते. भिंतींवर बसलेली पांढुरक्या बुंध्याची प्रचंड झाडं मुख्यतः टेट्रामेलीस जातीची आहेत. ही जात सह्याद्रीच्या जंगलातही वाढते. त्यांच्या जोडीला वडाच्या कुळातली, दुसऱ्यावर वाढून त्याला आवळणारी झाडं आहेत. झाडामुळे भिंत फुटते हे खरं, पण फुटलेली भिंत आता त्याच मुळांनी धरून ठेवलेली आहे. झाड कापलं तर भिंत कोसळते आणि झाड वादळात पडलं तर भिंत घेऊन पडतं. या पेचावरचं काम अंकोरची देखभाल करणाऱ्या कंबोडियाच्या अप्सरा प्राधिकरणाबरोबर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण करत आलं आहे, आणि डागडुजी पूर्ण झालेली नर्तकींची ओवरी २०२२ मध्ये खुली झाली. मुळांपाशी थांबलेली बहुतेक माणसं तिथपर्यंत जातच नाहीत. जरूर जा. पट्टीवर ओळीने कोरलेल्या नर्तकी पाहा, आणि मग नव्याने बसवलेला दगड जुन्यापासून ओळखू येतो का तेही पाहा.

याच मंदिरात बांधकामाचा पाठ घेऊन ठेवावा, पुढे दिवसभर उपयोगी पडतो. बाहेरची तटभिंत आणि पाया पाहा: तांबूस, भोकाभोकांचा दगड. हा आपला कोकणातला जांभाच. आतला गाभा जांभ्याचा, वर वालुकाश्माचं आवरण आणि त्यावर कोरीवकाम ही इथली रीत. दगडांच्या पृष्ठभागावर दिसणारी गोल भोकं गोळ्यांची नाहीत. दगड उचलताना आणि एकमेकांवर घासून बसवताना त्यांत खुंट्या घालत असत. सांध्यांत चुना नाही. छत पेलायला खरी कमान नाही; हेमाडपंती मंदिरांसारखी कदलिका करणी आहे, म्हणजे दोन्ही बाजूंचे दगड थरागणिक पुढे सरकवत वर मिळवलेले. अशा छताला फार रुंदी झेपत नाही, म्हणून इथल्या ओवऱ्या लांबच लांब पण अरुंद आहेत. एक थर हलला की वरचं सगळं खाली येतं, आणि म्हणून भिंती उभ्या पण छतं नाहीत असं दृश्य जागोजागी दिसतं.

ता प्रोमहून रिक्षाला विजयद्वारातून अंकोर थॉममध्ये न्यायला सांगावं. हे सातव्या जयवर्मनचं राजधानीचं शहर: तीन किलोमीटर लांबीच्या चार भिंती, बाहेर खंदक आणि पाच दरवाजे. आतली घरं लाकडाची होती, ती गेली. दगड फक्त देवांसाठी वापरत, म्हणून आज शहराच्या जागी जंगल आणि मधे मंदिरं उरली आहेत.

मधोमध बायॉन आहे. वरच्या मजल्यावरचे हसरे चेहरे सगळे पाहतात. खालच्या बाहेरच्या ओवरीकडे मात्र घाईत दुर्लक्ष होतं, आणि आमच्या मते बायॉनचं खरं मोल तिथे आहे. दक्षिण बाजूची भिंत सावकाश पाहा. वर शेजारच्या चंपा राज्याच्या, म्हणजे चाम सैन्याशी चाललेली नौकांची लढाई आहे, नावांखाली मासे आणि मगरी आहेत, आणि सगळ्यात खालच्या पट्टीत त्या काळच्या सामान्य माणसांचं आयुष्य आहे. कोंबड्यांची झुंज चालली आहे, बाजारात बायका माल मांडून बसल्या आहेत, कोणी स्वयंपाक करतं आहे, कोणी मासे धरतं आहे. राजे आणि देव सोडून बाजारहाट करणारी बाई आठशे वर्षांपूर्वीच्या भिंतीवर इतक्या जवळून दिसणं दुर्मीळ आहे. बायॉनला सव्वा तास द्यावा: पाऊण तास खाली, अर्धा तास वर. वर जायच्या पायऱ्या उभ्या आहेत. गुडघे दुखत असतील तर खालची ओवरी पाहून समाधानाने परत फिरता येतं.

शेजारचं बाफुऑन मंदिर पहिल्या दिवशी नाही पाहिलं तरी चालेल. त्याची जुळणी हे एक मोठं काम होतं. फ्रेंच तज्ज्ञांनी सुमारे तीन लाख दगड क्रमांक घालून उतरवून ठेवले, ख्मेर रूज या जुलमी राजवटीच्या काळात क्रमांकांची कागदपत्रं नष्ट झाली, १९९५ मध्ये काम पुन्हा सुरू झालं आणि २०११ मध्ये पुरं झालं. पण उघड्यावरचा लांब पूल आणि तीव्र चढ भर उन्हात त्रास देतो. हत्तींची गच्ची रिक्षातून उतरून पंधरा मिनिटांत पाहून होते.

बाहेर पडताना दक्षिण दरवाज्यापाशी रिक्षा पुढे पाठवून खंदकावरचा पूल पायी ओलांडावा. दोन्ही कठड्यांवर नाग धरून ओढणाऱ्यांच्या रांगा आहेत: एका बाजूला चोपन्न देव, दुसऱ्या बाजूला चोपन्न असुर. शहरात शिरणाऱ्याच्या डाव्या हाताला देव असतात. आपण बाहेर पडत असल्यामुळे ते उजवीकडे येतात. समुद्रमंथन पुलाच्या कठड्यावर असं मांडलेलं आहे. बरीच डोकी नव्याने बसवलेली आहेत, कारण मूळची चोरीला गेली किंवा संग्रहालयात हलवली. रंगातल्या फरकावरून ती ओळखता येतात.

साडेअकरा ते दोन सक्तीने सावलीत. अंकोर वाटसमोर आणि स्रा स्रांग तलावाजवळ जेवणाच्या टपऱ्या आहेत. भाव शहरापेक्षा जास्त, पण शहरात जाऊन यायचा वेळ वाचतो. शाकाहारी माणसाची इथे पंचाईत होते. ‘मांस नको’ म्हटलं तरी भाजीत माशाचं पाणी किंवा आंबवलेल्या माशांची प्राहोक असते, कारण इथे तो मिठासारखा नेहमीचा घटक आहे. ‘माशाचं पाणीही नको’ असं वेगळं सांगावं लागतं. सांगूनही खात्री नसते. काटेकोर शाकाहारी असाल तर दशम्या, चटणी, राजगिऱ्याचे लाडू बरोबर ठेवणं बरं, म्हणजे दुपारची चिंता राहत नाही. संध्याकाळी शहरात जुन्या बाजाराच्या आसपास भारतीय उपाहारगृहं मिळतात. खाण्याचे डबे उघडताना मात्र माकडांकडे लक्ष हवं. अंकोर वाटच्या परिसरातली माकडं पिशवी ओढून नेतात आणि चावतातही. चावलं तर जखम साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस घ्यावी लागते, आणि मग सहलीचा पुढचा भाग दवाखान्यात जातो.

सव्वादोनला अंकोर वाट. दुसऱ्या सूर्यवर्मनने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात हे विष्णुमंदिर बांधायला घेतलं. खंदकाची रुंदी १९० मीटर, बाहेरची तटभिंत १,०२४ मीटर लांब आणि ८०२ मीटर रुंद, मधला मनोरा जमिनीपासून ६५ मीटर उंच. हे आकडे चालण्याच्या दृष्टीनेही लक्षात ठेवावेत: पश्चिमेच्या रस्त्यापासून पहिल्या ओवरीपर्यंत सुमारे अर्धा किलोमीटर उघड्यावर चालावं लागतं. छत्री न्यावी. समोरून तीनच मनोरे दिसतात, कारण पुढचे दोन मागच्या दोघांना झाकतात. पायवाटेवरून डावीकडे उतरून उत्तरेच्या तळ्याच्या कडेने गेलं की पाचही दिसतात. दुपारी तीननंतर त्यांच्यावर थेट ऊन पडतं आणि दगडाचा खरा रंग दिसतो. पहाटे याच तळ्याकाठी शेकडो लोक उभे असतात आणि त्यांना मनोऱ्यांची फक्त काळी आकृती मिळते, कारण सूर्य मंदिराच्या मागून उगवतो.

आत शिरल्यावर वर चढायची घाई करू नये. पहिल्या दिवसाचे पैसे जिथे वसूल होतात ती जागा ही: खालच्या मजल्यावरच्या ओवऱ्यांतले शिल्पपट. ते अपसव्य दिशेने, म्हणजे भिंत डाव्या हाताला ठेवून वाचायचे असतात. पश्चिम दाराने आत आलात की उजवीकडे वळा.

पहिलाच पट कुरुक्षेत्राचा. डावीकडून कौरव चालून येतात, उजवीकडून पांडव, आणि मध्यावर घनघोर लढाई. डाव्या भागात वर शरपंजरी भीष्म शोधा. बाणांवर आडवा झालेला देह आणि भोवती जमलेली माणसं, महाभारत ऐकून मोठ्या झालेल्याला ओळख पटायला क्षण पुरतो. पुढे रथावर अर्जुन आहे आणि त्याचा सारथी चार हातांचा आहे. कडांना सैनिकांच्या शिस्तीत चाललेल्या रांगा आहेत, मध्याकडे जाताना त्या विस्कटत जातात आणि शेवटी हात-पाय-शस्त्रांची एकच गर्दी होते. कोरक्यांनी लढाईची लय रेषांत पकडली आहे. पट जवळपास पन्नास मीटरचा आहे. एकदा लांबून सलग चालत पाहा, मग परत येऊन जवळून.

नैर्ऋत्य कोपऱ्यातली चौकी अंधारी असल्यामुळे गट न थांबता पुढे जातात. विजेरी घेऊन थांबा. वाली-सुग्रीवाचं द्वंद्व, गोवर्धन उचलणारा कृष्ण आणि कैलास हलवणारा रावण हे तिन्ही इथे आहेत. वेरूळच्या कैलास लेण्यातला रावण पाहिलेल्याने इथल्या रावणाशी तुलना जरूर करावी. वेरूळला पर्वताखाली दबलेल्या देहाचं बळ दिसतं. इथे सगळा प्रसंग उथळ, नाजूक रेषांत बसवलेला आहे.

दक्षिण ओवरीत आधी सूर्यवर्मनची स्वारी आहे. राजाच्या आसनाभोवती छत्रं दिसतात. छत्रांची संख्या मोजत गेलात तर सरदारांचे दर्जे कळतात, सर्वात जास्त राजाला. त्याच्या पुढे स्वर्ग आणि नरक: वर पुण्यवानांच्या पालख्या, खाली यमाच्या दरबारातून ढकलले जाणारे पापी. रेड्यावर बसलेला अनेक हातांचा यम आणि न्यायनिवाडा करणारा चित्रगुप्त दोघेही आपल्या ओळखीचे.

इथे पहिल्या दिवसाची प्रदक्षिणा थांबवावी आणि पश्चिमेला परत यावं. तीन दिवसांचा पास असेल तर पूर्वेची ओवरी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवावी. कारण पुन्हा उजेडाचं. या ओवऱ्या बाहेरच्या बाजूने खांबांवर उघड्या आहेत, त्यामुळे पश्चिमेच्या भिंतींवर दुपारी आणि पूर्वेच्या भिंतींवर सकाळी तिरपं ऊन येतं. उथळ कोरीवकामाला तिरपाच प्रकाश लागतो. त्याशिवाय ते सपाट दिसतं. एकाच दिवसाचा पास असेल तर अर्थातच पूर्वेकडे आत्ताच जावं.

परत आल्यावर पश्चिम दाराच्या उत्तरेकडचा लंकेच्या युद्धाचा पट पाहा. चारनंतर तो उत्तम दिसतो. हनुमानाच्या खांद्यावर उभा राम, मागे लक्ष्मण आणि बिभीषण, आणि समोर दहा तोंडांचा, वीस हातांचा रावण सिंहांच्या रथावर. वानरसेना दातांनी, नखांनी लढते आहे. प्रत्येक वानराचा चेहरा वेगळा आहे. आमच्या मते सगळ्या अंकोरमध्ये याहून जिवंत पट नाही.

सर्वात वरचा मजला, म्हणजे बाकान, याला वेगळे नियम आहेत. एका वेळी शंभर माणसं सोडतात. मूळ पायऱ्या जवळजवळ उभ्या आहेत, त्यांच्यावर कठडा असलेला लाकडी जिना बसवला आहे, तरीही उतरताना भोवळ येऊ शकते. बारा वर्षांखालील मुलांना वर सोडत नाहीत, म्हणून कुटुंबाने पाळी लावून जावं. बौद्ध उपोसथाच्या दिवशी, महिन्यातून साधारण चार वेळा, हा मजला बंद असतो. तारखा हॉटेलात आधी विचाराव्यात. पाचनंतर वर सोडत नाहीत. दुपारी रांग सकाळपेक्षा लहान असते, हा उलट्या क्रमाचा आणखी एक फायदा.

या सगळ्या सेवेतली मोठी उणीव माहितीफलकांची. शिल्पपटांजवळ मोजकाच मजकूर आहे, आणि ३७ ते ७२ डॉलर घेणाऱ्या ठिकाणी तो पुरेसा असायला हवा. कथा माहीत असल्यामुळे मराठी माणसाचं अडत नाही, पण स्थानिक इतिहास, चाम युद्धं, विष्णूचं मंदिर बौद्ध कसं झालं, हे कळायला परवानाधारक मार्गदर्शक घ्यावा. ते फिक्या खाकी शर्टात असतात आणि इंग्रजी बोलणाऱ्याचा दिवसाचा दर साधारण ३० ते ४५ डॉलर असतो. पूर्ण दिवसाऐवजी दुपारच्या अंकोर वाटपुरता मिळत असेल तर तेवढाच घ्यावा. ठरवताना ‘शिल्पपटांना दोन तास हवेत’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर फोटोच्या जागा दाखवण्यावर भर राहतो. वस्तू विकायला येणाऱ्या लहान मुलांकडून काही घेऊ नये आणि त्यांना पैसे किंवा खाऊही देऊ नये. उद्यानाच्या आचारसंहितेतच तसं लिहिलेलं आहे, कारण विक्री झाली की मूल शाळेऐवजी मंदिरात पाठवलं जातं.

सूर्यास्तासाठी फ्नोम बाखेंगच्या टेकडीवर जायचा आग्रह रिक्षावाला करील. वर एका वेळी तीनशे माणसांची मर्यादा आहे, त्यामुळे चारच्या सुमारास रांगेत लागावं लागतं, म्हणजे अंकोर वाटचा सर्वात चांगला तास रांगेत जातो. पहिल्या दिवशी नको. टेकडीवरून अंकोर वाट दिसतं तेही दूर, झाडांत अर्धं बुडालेलं. सूर्यास्त हवाच असेल तर दुसऱ्या दिवशी प्रे रुपच्या माथ्यावर जा. ते मंदिरही संध्याकाळी सातपर्यंत उघडं असतं.

साडेपाचला बाहेर पडून रिक्षावाल्याचे पैसे चुकते करतानाच दुसऱ्या दिवसाचं ठरवून टाका. सूर्योदय त्या दिवशी पाहायचा: पाचला दारात, आणि सूर्य मनोऱ्यांवर आला की बाकी लोक न्याहारीला निघतात तेव्हा मंदिरातून सरळ आरपार पूर्वेच्या ओवरीत जायचं. दक्षिणेकडच्या अर्ध्या भागात समुद्रमंथन आहे, ४९ मीटरचं. डावीकडे ९२ असुर, उजवीकडे ८८ देव, मध्ये विष्णू, खाली कूर्म आणि देवांच्या बाजूला, नागाच्या शेपटीकडच्या टोकाला हनुमान. सकाळी सात ते आठ या वेळात त्यावर थेट तिरपं ऊन असतं. रिक्षा मात्र पश्चिमेच्या मुख्य दाराशी नव्हे, पूर्वेच्या दाराशी बोलवायची. तिकडे रानातून जाणारी सावलीची पायवाट आहे, गर्दी नसते, आणि तिथून बांते स्राइ या लांबच्या मंदिराचा रस्ताही धरता येतो.